नगरच्या किल्ल्याबाहेरचा माणूस

9 ऑगस्ट 1942 च्या पहाटे मुंबईत धरपकड झाली आणि काँग्रेस कार्यकारिणीची मंडळी खास गाडीने नगरला आणली गेली. भिंगारजवळच्या भुईकोट किल्ल्यात त्यांची रवानगी झाली. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य कृपलानी, गोविंदवल्लभ पंत, शंकरराव देव, आचार्य नरेंद्र देव, पट्टाभि सीतारामय्या, सय्यद महमूद, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि असफ अली असे एकूण बारा जण. त्यांना कुठे ठेवलंय हे सरकारने सुरुवातीला जाहीरही केलं नाही.

यातल्या असफ अलींची गोष्ट जरा वेगळी आहे. ते आत होते तेव्हा त्यांच्या पत्नी अरुणा असफ अली पोलिसांना हुलकावण्या देत देशभर फिरत होत्या. त्यांच्या सोबतीने भूमिगत चळवळ चालवणारा एक माणूस याच नगर शहरात जन्मलेला, वाढलेला. नगरच्या अच्युतराव पटवर्धनांचे नेते नगरच्या किल्ल्यात बंद होते आणि नगरचे अच्युतराव मात्र पुढे साडेतीन वर्षं कुणाच्याही हाती लागले नाहीत.

आम्हा कर्जतकरांना नगर म्हणजे सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर. मिरजगावमार्गे गाडी निघाली की कोर्ट, कलेक्टर कचेरी, सिव्हिल हॉस्पिटल अशी कामं उरकायची आणि संध्याकाळी परत. किल्ला पाहायला फारसं कुणी थांबत नाही. तो लष्कराच्या ताब्यात आहे, हे एक कारण. ज्यांनी पाहिला ते नेहरूंची खोली पाहून येतात, कारण 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तिथे लिहिलं गेलं हे शाळेत शिकवलेलं असतं. मौलानांचं 'गुबार-ए-खातिर' त्याच भिंतींआड लिहिलं गेलं. त्यात पहाटेच्या चहाचं वर्णन आहे आणि खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांशी मौलानांनी मांडलेल्या लढाईचंही. 1943 च्या एप्रिलमध्ये त्यांची पत्नी कलकत्त्यात वारली, तेव्हा ते इथेच होते. आत काय चाललं होतं ते आपल्याला तपशीलवार ठाऊक आहे, कारण आतल्यांना लिहायला वेळ होता. बाहेरच्यांचं तसं नव्हतं. कागद सापडला की माणसं पकडली जात, त्यामुळे तिथे लिहिण्यापेक्षा जाळण्याकडे कल जास्त.

आणखी एक घोटाळा आधीच निस्तरतो. बेचाळीस आणि कर्जत हे दोन शब्द एकत्र आले की लोक भाई कोतवालांचं नाव घेतात. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, विजेचे मनोरे पाडणारा त्यांचा आझाद दस्ता आणि 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर कोतवाल व हिराजी पाटलांना आलेलं वीरमरण. ते सगळं खरं, पण ते रायगडचं, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातलं कर्जत. आमचं कर्जत सीना आणि भीमेच्या मधलं, ज्वारीचं आणि कुसळांचं. इथल्या माणसाने बेचाळीसचा धागा शोधायचा तर नगरकडेच पाहायला हवं.

अच्युतरावांचा जन्म 5 फेब्रुवारी 1905 चा. वडील हरी केशव पटवर्धन नगरमधले वकील, घरात सहा मुलगे. थोरले पुरुषोत्तम, म्हणजे पुढचे रावसाहेब पटवर्धन, अच्युत दुसरे. लहानपणीच त्यांना सीताराम पटवर्धन या शिक्षण खात्यातून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्यांनी दत्तक घेतलं. घरावर थिऑसॉफीचा संस्कार, त्यामुळे शिक्षणासाठी मुलगा पुण्याला न जाता थेट काशीला गेला, ॲनी बेझंट यांनी स्थापन केलेल्या सेंट्रल हिंदू कॉलेजात. अर्थशास्त्रात एम.ए. झाल्यावर तिथेच प्राध्यापकी. मध्ये युरोपच्या वाऱ्या झाल्या, तिकडच्या समाजवादी मंडळींशी ओळखी झाल्या. 1932 मध्ये कायदेभंगाची दुसरी लाट आली आणि त्यांनी नोकरी सोडून दिली.

मग तुरुंग. नाशिकच्या तुरुंगात त्या वर्षी जमलेली माणसं पाहिली तर शिक्षा ठोठावणाऱ्यांनी केवढी चूक केली हे कळतं. जयप्रकाश नारायण, अशोक मेहता, मिनू मसानी, ना. ग. गोरे आणि अच्युतराव. सगळे तिशीच्या आतबाहेरचे, वाचलेले, वाद घालायला उत्सुक आणि दुसरं काही काम नसलेले. स्वराज्य मिळालं तर ते कुणाचं असेल, सावकाराचं की कुळाचं, गिरणीमालकाचं की कामगाराचं, हा प्रश्न तिथे रोज चघळला जात होता. 1934 मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष निघाला, त्याची पायाभरणी नाशिकच्या कोठड्यांत झाली. आधी मे महिन्यात पाटण्याला बैठक झाली आणि ऑक्टोबरात मुंबईला रीतसर स्थापना.

पक्ष वेगळा, पण काँग्रेसच्या आतच. ही रचना आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. तेव्हा काँग्रेस ही सगळ्यांची धर्मशाळा होती आणि समाजवाद्यांना तिच्यातल्याच एका खोलीत आपलं बिऱ्हाड थाटायचं होतं. 1936 मध्ये लखनौ अधिवेशनानंतर अध्यक्ष नेहरूंनी कार्यकारिणीत तीन समाजवाद्यांना घेतलं: नरेंद्र देव, जयप्रकाश आणि अच्युतराव. वयाच्या एकतिसाव्या वर्षी देशातल्या सर्वोच्च राजकीय मंडळात बसायला मिळणं म्हणजे पुढची वाट मोकळी झाल्यासारखंच. बेचाळीसमध्ये या तिघांपैकी नरेंद्र देव नगरच्या किल्ल्यात होते, जयप्रकाश हजारीबागच्या तुरुंगात आणि अच्युतराव फरार.

त्याच 1942 मध्ये अशोक मेहता आणि अच्युतराव यांचं 'द कम्युनल ट्रँगल इन इंडिया' हे इंग्रजी पुस्तक अलाहाबादहून निघालं. हिंदू, मुसलमान आणि इंग्रज सरकार असा हा त्रिकोण. जातीय तंट्यात तिसरी बाजू कशी काम करते, विभक्त मतदारसंघांनी काय घडवलं, याची त्यात मांडणी आहे. पुस्तक आता फारसं कुणी वाचत नाही. अच्युतराव हे नुसते धडाडीचे कार्यकर्ते होते असा ज्यांचा समज असेल त्यांनी ते जरूर चाळावं.

आता फरारीकडे येऊ. नऊ ऑगस्टला सकाळी गवालिया टँक मैदानावर अरुणाबाईंनी झेंडा फडकवला आणि त्या दिसेनाशा झाल्या. अच्युतराव, राममनोहर लोहिया, सुचेता कृपलानी हेही निसटले. मुंबईत पत्रकं छापणं, निरोप पोचवणं, पैसा जमवणं असं एक केंद्र उभं राहिलं. उषा मेहता आणि त्यांच्या मित्रांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला. 27 ऑगस्टपासून जागा बदलत बदलत तो चालला, आणि 12 नोव्हेंबरला पोलिसांनी पकडला. त्याच नोव्हेंबरात दिवाळीच्या रात्री जयप्रकाश हजारीबागच्या तुरुंगाची भिंत ओलांडून पळाले, नेपाळच्या तराईत गेले आणि सप्टेंबर 1943 मध्ये पुन्हा सापडले. मौलवीच्या वेषात वावरणारे एस. एम. जोशी 1943 मध्येच मुंबईत पकडले गेले. लोहिया मे 1944 मध्ये मुंबईत सापडले. एकेक मोहरा असा गळत गेला. शेवटपर्यंत न सापडलेल्यांत दोन ठळक नावं उरतात, अरुणाबाई आणि अच्युतराव.

हे जमलं कसं? वेषांतर, टोपणनावं, रात्रीचे प्रवास हे सगळं होतंच आणि कादंबऱ्या-सिनेमांनी त्याचीच जास्त चर्चा केली. माझ्या मते खरं उत्तर नकाशात आहे आणि कर्जतच्या माणसाला ते चटकन समजावं. आपल्या तालुक्याच्या पूर्वेला आष्टी लागतं. आज मिरजगावचा माणूस कड्याच्या बाजाराला सहज जातो. त्या काळात मात्र आष्टी निजामाच्या मुलखात होतं. हद्द ओलांडली की राजा वेगळा, नाणं वेगळं, पोलीस वेगळे आणि करोडगिरीचा नाका वेगळा. इंग्रजी फौजदाराचा हुकूम पलीकडे आपोआप चालत नसे. परवानगी, पत्रव्यवहार, मग शोध. तोवर माणूस परत अलीकडे.

भूमिगतांनी पुढे जिथे आपलं समांतर सरकार, म्हणजे प्रतिसरकार, चालवलं त्या साताऱ्यात तर हे शतपट होतं. तेव्हाचा सातारा जिल्हा म्हणजे आजच्या साताऱ्यासह सांगलीचाही बराच भाग. त्याच्या आत आणि भोवती औंध, सांगली, मिरज, जत, फलटण, कोल्हापूर अशी संस्थानं, तीही सलग नव्हेत. औंध संस्थानात बहात्तर गावं, पण ती विखुरलेली: औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे. प्रतिसरकारचा बालेकिल्ला झालेलं कुंडल हे इंग्रजी मुलखाने वेढलेलं औंधचं बेट होतं. त्यात औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1939 मध्ये आपणहून प्रजेला राज्यघटना देऊन गावपंचायतींकडे कारभार सोपवलेला. मसुद्यामागे गांधीजींचा सल्ला होता. अशा संस्थानच्या पोलिसांनी फरारींच्या मागे जीव तोडून धावावं अशी अपेक्षा इंग्रजांनाही नसावी.

दुसरी गोष्ट भाकरीची. फरार माणसाला रोज जेवायला लागतं. प्रत्येक जेवणामागे एक घर असतं आणि त्या घरातल्या पोरासोरांपासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांना गप्प बसावं लागतं. इनाम लावलेलं असताना लोक गप्प बसले, तेही एखाद्या रात्रीपुरते नव्हे, तीन पावसाळे.

साताऱ्याची सुरुवात शांत मोर्चांनी झाली होती. ऑगस्ट-सप्टेंबर 1942 मध्ये मामलेदार कचेरीवर मोर्चा न्यायचा, झेंडा लावायचा, परत यायचं असा क्रम चालला. तासगावला तो निभावला. 9 सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला. वडगावचे परशुराम घार्गे हातात झेंडा घेऊन पुढे होते, ते पडले आणि त्यांच्यासह एकूण नऊ जण गेले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरला गोळीबार झाला. तिथपासून मोर्चे थांबले आणि माणसं डोंगरात गेली. नाना पाटील, जी. डी. लाड, नागनाथ नायकवडी, किसन वीर, यशवंतराव चव्हाण अशी नावं यातून पुढे आली. सगळ्यांचे मार्ग एक नव्हते, मतभेदही कमी नव्हते.

1943 पासून गावोगाव न्यायमंडळं बसू लागली. जमिनीचे तंटे, सावकारी, चोऱ्या, बायकांना नांदवण्याचे प्रश्न गावातच निकाली निघू लागले. कमी खर्चाची गांधी पद्धतीची लग्नं लागली. दारूबंदी झाली. खबऱ्यांना आणि गुंडांना तळपायावर फटके बसत आणि त्या शिक्षेची दहशत सरकारी तुरुंगापेक्षा जास्त होती. तुफान सेना ही तरुणांची कवायती फळी. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ पगाराचा पैसा नेणारी रेल्वेगाडी अडवून तो पैसा काढून घेतला गेला. 14 एप्रिल 1944 ला थेट धुळे जिल्ह्यात, तेव्हाच्या पश्चिम खानदेशात, चिमठाण्याजवळ सरकारी खजिन्याची गाडी अडवली गेली आणि साडेपाच लाखांच्या आसपास रक्कम हाती लागली. यातलं काही चुकीच्या माणसांच्या खिशात गेलं का, न्यायमंडळांनी कधी अन्याय केला का, हे प्रश्न तेव्हाही विचारले जात होते आणि ते विचारायलाच हवेत. फटक्यांचा न्याय हा न्यायच असतो असं मला वाटत नाही. पण त्या काळी कचेरीत खेटे घालून थकलेल्या कुळाला गावच्या चावडीवर आठवड्यात निकाल मिळणं ही केवढी गोष्ट होती, हेही विसरता येत नाही.

या लढ्यातला एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. नाना पाटलांची मुलगी हौसाबाई तेव्हा सतरा वर्षांच्या आसपास. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यातली शस्त्रं हवी होती. ठाण्यासमोर एक 'नवरा' आपल्या 'बायको'ला बेदम मारू लागला, मोठा दगड उचलून डोकं फोडीन म्हणू लागला. भांडण सोडवायला पोलीस बाहेर आले. तेवढ्यात साथीदारांनी आत शिरून बंदुका उचलल्या. नवरा खोटा होता, मार मात्र खरा. नाटक वाटू नये म्हणून तो खरा द्यावा लागला होता, असं हौसाबाई म्हातारपणी सांगत. 2021 मध्ये त्या वारल्या.

आता यात अच्युतराव कुठे? काही ठिकाणी साताऱ्याचं प्रतिसरकार त्यांनीच उभारलं असं सरसकट लिहिलेलं आढळतं. ते पटत नाही. प्रतिसरकार उभारलं ते तिथल्या शेतकरी घरांतल्या पोरांनी. अच्युतरावांचं काम वेगळं आणि कमी दिसणारं होतं. मुंबईचं केंद्र आणि डोंगरातली माणसं यांच्यात दुवा ठेवणं, देशभर काय चाललंय ते पोचवणं, पैशाची सोय लावणं, आणि हा उद्योग एका जिल्ह्याचा दंगा नसून राजकीय लढा आहे ही जाणीव टिकवणं. नगरचा वकिलाचा मुलगा, काशीचा प्राध्यापक, युरोप पाहून आलेला माणूस कुंडलच्या पोरांचा सल्लागार होतो आणि ती पोरं त्याचं ऐकतात, पण स्वतःच्या अकलेने चालतात. हे नातं सरसेनापती आणि शिपायाच्या नात्याहून बरंच समजूतदार होतं.

मे 1944 मध्ये गांधीजी आगाखान पॅलेसमधून सुटले आणि भूमिगतांपुढे खरा पेच उभा राहिला. गुप्तता हे पापच, उघड्यावर या, पकडून घ्या, असं गांधीजींनी स्पष्ट सांगितलं. अरुणाबाईंना त्यांनी कळवलं की तू अस्थिपंजर झाली आहेस, स्वाधीन हो, तुझ्यावर लावलेलं इनाम तूच मिळव आणि हरिजन कार्याला दे. अरुणाबाई गेल्या नाहीत. अच्युतरावही गेले नाहीत. ज्यांच्या शब्दावर ही माणसं घराबाहेर पडली त्यांचाच शब्द त्यांनी मोडला आणि तरी गांधीजींविषयीचा आदर सोडला नाही. त्या काळच्या शिस्तीत हे बसवणं सोपं नव्हतं. आजच्या पक्षांत असं घडलं तर संध्याकाळपर्यंत हकालपट्टीचं पत्र निघेल!

कुणाच्या मान्यतेविना चाललेली अशीच लढाई त्या दशकात आशियाच्या दुसऱ्या टोकाला कोरियन माणसं लढत होती. कोरिया 1910 पासून जपानच्या ताब्यात होता. मार्च 1919 च्या देशव्यापी उठावानंतर शांघायमध्ये कोरियाचं हंगामी सरकार स्थापन झालं. किम गू हे त्यातलं सर्वांत चिवट नाव. 1876 मध्ये गरीब घरात जन्म, तरुणपणीच तुरुंग, मग शांघायला पलायन. देशाबाहेर, पैशाशिवाय, महासत्तांच्या मान्यतेशिवाय त्यांनी सरकार सव्वीस वर्षं टिकवलं आणि ते शांघायहून थेट चुंगकिंगपर्यंत हलवत नेलं. 1940 मध्ये त्यांनी कोरियन मुक्तिसेना उभी केली. तिची छोटी तुकडी 1943 मध्ये ब्रह्मदेशाच्या आघाडीवर इंग्रजांच्या मदतीला आली. अच्युतरावांना शोधणारं सरकार तेव्हा किम गूंच्या माणसांचं मित्र होतं. महायुद्धाच्या हिशेबात अशा विसंगती बऱ्याच सापडतात.

साताऱ्याच्या आणि शांघायच्या सरकारांत फरक उघड आहे. एकाकडे मंत्रिमंडळ होतं पण गाव नव्हतं, दुसऱ्याकडे गावं होती पण मंत्रिमंडळ नव्हतं. शेवटी मात्र दोघांनाही सारखीच वागणूक मिळाली. 15 ऑगस्ट 1945 ला जपान हरलं. किम गू नोव्हेंबरात मायदेशी परतले तेव्हा अमेरिकी लष्करी प्रशासनाने त्यांना सरकार म्हणून येऊ दिलं नाही, खासगी नागरिक म्हणून या असं सांगितलं. देशाचे दोन तुकडे होऊ नयेत म्हणून 1948 मध्ये ते उत्तरेत प्याँगयांगला वाटाघाटींना जाऊन आले. दक्षिणेत स्वतंत्र निवडणुका झाल्याच. त्यासाठी नेमलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष भारताचे के. पी. एस. मेनन होते. 26 जून 1949 ला एका लष्करी अधिकाऱ्याने किम गूंना त्यांच्या घरी गोळ्या घातल्या. स्वातंत्र्य मिळाल्यावर भूमिगतांचं काय करायचं, हा प्रश्न कोरियाने अशा तऱ्हेने सोडवला.

आपल्याकडे रक्त सांडलं नाही, पण अवघडलेपण होतंच. 1946 मध्ये अरुणाबाईंवरचं वॉरंट रद्द झालं, अच्युतरावही उघड वावरू लागले. फेब्रुवारीत मुंबईत नौसैनिकांचं बंड झालं तेव्हा अरुणाबाई बंडखोरांच्या पाठीशी उभ्या होत्या आणि सरदार पटेल त्यांना शस्त्रं खाली ठेवायला सांगत होते. किल्ल्यातून सुटलेले आणि डोंगरातून उतरलेले यांच्यात पहिला तडा इथे दिसतो. आतली माणसं वाटाघाटींना बसली होती. बाहेरच्यांना वाटत होतं, आणखी एक धक्का दिला तर सगळंच कोसळेल. कोण बरोबर होतं याचा निकाल लावणं मला जमणार नाही. पण पुढच्या अठरा महिन्यांत जी फाळणी आणि जी कत्तल झाली ती पाहता 'आणखी एक धक्का' कुणाच्या अंगावर कोसळला असता, हा प्रश्न सोडून देता येत नाही.

1947 मध्ये समाजवाद्यांनी पक्षाच्या नावातला 'काँग्रेस' हा शब्द काढला, मार्च 1948 मध्ये नाशिकच्या अधिवेशनात काँग्रेसशी संबंध तोडले. विरोधी पक्ष उभा करायचा होता, कामगार-शेतकऱ्यांत जायचं होतं, पहिली सार्वत्रिक निवडणूक तोंडावर होती. अच्युतराव पंचेचाळिशीचे. नाव होतं, पुण्याई होती, भूमिगत काळाचं वलय होतं. याच टप्प्यावर, 1950 मध्ये, त्यांनी राजकारण सोडलं. एखादी जागा हुकली म्हणून रुसून नव्हे आणि दुसऱ्या पक्षात उडी मारण्यासाठीही नव्हे. ते काशीला परत गेले आणि अठरा वर्षांपूर्वी सोडलेल्या कॉलेजात पुन्हा शिकवू लागले. 1966 पर्यंत ते तिथे होते, नंतर पुण्यात राहिले.

या निर्णयामागे जे. कृष्णमूर्तींचा वाटा मोठा होता. थिऑसॉफिस्टांनी ज्यांना जगद्गुरू म्हणून वाढवलं आणि ज्यांनी 1929 मध्ये आपल्याभोवतीचा पंथ स्वतःच मोडीत काढला, ते हे कृष्णमूर्ती. पटवर्धनांच्या घराला थिऑसॉफीमुळे हे नाव परकं नव्हतं. महायुद्धानंतर 1947 मध्ये ते भारतात आले तेव्हा अच्युतराव आणि रावसाहेब दोघेही त्यांच्याकडे ओढले गेले. समाज बदलायचा तर आधी काय बदलायचं, या प्रश्नाचं समाजवादाने दिलेलं उत्तर अच्युतरावांना अपुरं वाटू लागलं होतं. त्यांच्या जुन्या सोबत्यांपैकी अनेकांना हा पळ वाटला. मलाही एकेकाळी तसंच वाटत असे, आणि अजून पूर्ण समाधान झालेलं नाही. समाजवादी पक्षाला 1952 च्या निवडणुकीत लोकसभेच्या अवघ्या बारा जागा मिळाल्या. अच्युतराव राहिले असते तर आकडा किती बदलला असता ठाऊक नाही, पण नगर-साताऱ्याच्या कोरडवाहू पट्ट्यात पक्षाला त्यांच्या उंचीचा माणूस नंतर मिळाला नाही, हे नक्की. रावसाहेबांनी वेगळी वाट काढली. साने गुरुजींच्या मृत्यूनंतर आचार्य जावडेकरांसोबत त्यांनी 'साधना' साप्ताहिकाची धुरा घेतली आणि महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात ते 1969 पर्यंत, शेवटपर्यंत दिसत राहिले.

अच्युतराव शेवटी पुन्हा काशीलाच होते. 5 ऑगस्ट 1992 ला ते तिथे वारले. चारच दिवसांनी 'छोडो भारत'चा सुवर्णमहोत्सव होता. भाषणांची तयारी देशभर झालेली होती.

भूमिगतांच्या नशिबी आलेली एक सरकारी गंमत सांगायची राहिली. 1972 मध्ये, स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून, केंद्राने स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू केली. तुरुंगात गेलेल्याकडे तुरुंगाचा दाखला असतो. न पकडला गेलेल्याने काय दाखवायचं? त्यासाठी नियम झाला: सहा महिन्यांहून जास्त काळ भूमिगत असल्याचा पुरावा हवा. म्हणजे फरार घोषित केल्याचा किंवा इनाम लावल्याचा सरकारी कागद. तो नसेल तर नोंदी उपलब्ध नाहीत असं सरकारी प्रमाणपत्र, आणि जोडीला दीर्घ तुरुंगवास भोगलेल्या ज्येष्ठ सैनिकाचा दाखला. म्हणजे ज्याला पोलिसांनी नीट शोधलं त्याचं काम सोपं, आणि जो इतका बेमालूम लपला की पोलिसांना त्याचं नावही कळलं नाही, तो अर्जाच्या खिडकीपाशी अडकला. ज्या बाईने त्याला भाकरी घातली तिच्यासाठी तर रकानाच नव्हता.

आणि याच फटीतून दुसरी माणसं आत शिरली. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात हैदराबाद मुक्तिलढ्याच्या नावाने पेन्शन घेणाऱ्यांची प्रकरणं इतकी बोकाळली की न्यायमूर्ती पालकरांचा आयोग बसला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. लढ्याच्या वेळी ज्यांचं वय शाळेत जाण्याचंही नव्हतं अशांच्या नावावर भूमिगत कामाचे दाखले निघाले होते. कड्याच्या बाजारात आजही एखादा म्हातारा भेटतो. त्याचे वडील निजामाच्या हद्दीतून रात्री सीना ओलांडून अलीकडे येत, कुणाच्या तरी वस्तीवर निजत, पहाटे परत जात असं तो सांगतो. कागद विचारला तर हसतो आणि चहाची ऑर्डर देतो.